रक्त धुऊन देण्याचं मशीन आपल्या भागात आणता येईल का?

पाटीपेन्सिल | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी एटापल्ली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. एरवी इथे बदल्या आणि ऑनलाइन माहिती भरण्यावर रडगाणं गातो, आज विषय वेगळा आहे.

माझ्या बहिणीची मुलगी सात वर्षांची. थॅलेसेमिया मेजर, म्हणजे अंगात रक्त नीट तयार न होण्याचा जन्मजात आजार. अकराव्या महिन्यात कळलं, तेव्हापासून दर तीन-साडेतीन आठवड्यांनी रक्त. पहाटेची बस, आलापल्ली, आष्टी आणि तिथून पुढे. लोहखनिजाच्या ट्रकांनी त्या रस्त्याचं काय केलंय ते इकडच्यांना सांगायला नको. रक्ताला पैसे पडत नाहीत, कार्ड आहे, ती तक्रार नाही.

तक्रार अशी की गेल्या चार वेळांपैकी तीन वेळा बॅग लावल्यावर वीस मिनिटांत अंगावर गांधी उठल्या. दुसऱ्या वेळी ओठ सुजला. तिसऱ्या वेळी छातीत घरघर सुरू झाली, तेव्हा सिस्टरनी बॅग बंद केली, एव्हिल आणि हायड्रोकॉर्टिसोन, ही अ‍ॅलर्जीवरची इंजेक्शनं दिली. उरलेलं रक्त गेलं वाया. पोरगी आता बॅग बघितली की आईच्या पदरात तोंड खुपसते.

डॉक्टरांनी या वेळी चिठ्ठीवर 'सलाइन वॉश्ड पीआरबीसी' लिहून दिलं. ती घेऊन रक्तपेढीत गेलो (नाव लिहीत नाही, माणसं वाईट नाहीत). खिडकीवर उत्तर मिळालं, "वॉशिंगचं मशीन नाही आमच्याकडे. नागपूरला जा."

म्हणजे रक्त धुतात, त्याचं मशीन असतं, इथपर्यंत मला समजलं. पुढचं विचारतो. हे मशीन केवढ्याला येतं? शाळेला प्रोजेक्टर आम्ही लोकवर्गणीतून घेतला होता. आमदार निधी, कंपन्यांचा सीएसआर, काहीही करू. पण आधी ते आहे तरी काय, ते कोणी सांगेल का?

खडूस_वर्धेकर | सोमवार, रात्री १०:०५

गुरुजी, पोरीला आराम पडो. पण वर्गणीची पावतीपुस्तकं छापायच्या आधी ऐका. मशीन येणं सोपं असतं. नारळ फुटतो, फीत कापतात, पेपरात फोटो येतो. सहा महिन्यांनी जाऊन बघा, त्याच मशीनवर फुलाफुलांचं कव्हर आणि कव्हरवर रजिस्टरांचा ढीग. विचारलं की उत्तर ठरलेलं, 'किट संपली, मागणी पाठवलीय.' हे मी डोळ्यांनी पाहिलंय, कुठे ते विचारू नका.

मोहफूल | सोमवार, रात्री १०:३१

सर, वाचून वाईट वाटलं. माझ्या भाच्यालाही थॅलेसेमिया आहे. त्याला गांधी उठत नाहीत, पण बॅग संपत आली की थंडी वाजून ताप भरतो. त्यालाही हेच धुतलेलं रक्त लागेल का?

लॅबवाला_भाऊ | मंगळवार, सकाळी ६:५०

गुरुजी, २६ वर्षं रक्तपेढीत तंत्रज्ञ होतो, आता भंडाऱ्यात नातू सांभाळतो. तुम्हाला खोटं सांगितलं असं मी म्हणणार नाही. अर्धं सांगितलं.

मशीन नसेल, मानतो. पण रक्त धुवायला मशीनच पाहिजे असं कोणी सांगितलं? आम्ही हातानं धुतलं आहे, अन् शेकड्यानं धुतलं आहे.

आधी बॅगेत काय असतं ते बघा. रक्तदात्याचं रक्त घेतलं की मोठ्या थंड सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवतात. लाल पेशी जड, त्या खाली बसतात. वर पिवळा प्लाझ्मा. तो दाबून दुसऱ्या बॅगेत काढला की खाली उरतं ते पीआरबीसी, म्हणजे लाल पेशींचा गोळा. त्यात टिकाऊपणासाठी औषधी पाणी घालतात. तरी थोडा प्लाझ्मा पेशींबरोबर राहतोच. तुमच्या भाचीचं भांडण लाल पेशींशी नाही, त्या उरलेल्या प्लाझ्मातल्या प्रथिनांशी आहे. रक्तदात्याच्या प्लाझ्मातलं काहीतरी तिच्या अंगाला मानवत नाही, म्हणून गांधी.

आता धुणं म्हणजे काय? आपल्याकडे भाताचं राज्य, तेव्हा तांदूळच डोळ्यांपुढे आणा. बॅगेत थंड नॉर्मल सलाइन सोडायचं, ०.९ टक्क्यांचं, तेच जे बाटलीतून लावतात. साधं पाणी घातलं तर पेशी फुगून फुटतील. हळू हळू कालवायचं, सेंट्रीफ्यूजला लावायचं, वरचं पाणी एक्स्प्रेसरनं दाबून काढून टाकायचं. पुन्हा सलाइन, पुन्हा फिरवणं. असं तीनदा. शेवटी पेशी थोड्या ताज्या सलाइनमध्ये ठेवायच्या. नीट केलं तर ९८-९९ टक्के प्लाझ्मा निघून जातो.

ज्या रक्तपेढीत रक्ताचे घटक वेगळे करतात तिथे थंड सेंट्रीफ्यूज असतोच, एक्स्प्रेसर असतो, लॅमिनार फ्लोचं, म्हणजे गाळलेल्या स्वच्छ हवेचं कपाट असतं. अजून काय लागते? माणूस लागतो, अन् त्याचे दोन-अडीच तास लागतात. सेंट्रीफ्यूजमध्ये समोरासमोरच्या बॅगा वजनानं सारख्या कराव्या लागतात, नाहीतर भांडं थरथरते. एकच बॅग धुवायची असली तर समोर सलाइनची बॅग ठेवून तराजूत तोलत बसा. त्यात अर्धा तास जाते.

मग 'मशीन नाही' काहून म्हणतात? त्यातली मेख सांगतो. बंद बॅग औषधी पाण्यात फ्रिजला ४२ दिवस टिकते. धुवायला ती उघडली की बाहेरच्या जंतूंची भीती आली, अन् पेशींचं खाणंपिणं असलेलं ते औषधी पाणीही धुतलं गेलं. त्या क्षणापासून तिचं आयुष्य २४ तास. आता समजा धुऊन ठेवली, अन् पेशंटची बस आष्टीला बंद पडली. बॅग फेका, रजिस्टरमध्ये कारण लिहा, साहेबाला उत्तर द्या. खिडकीवरच्या पोराला हे सगळं सांगत बसण्यापेक्षा 'मशीन नाही' म्हणणं सोपं जाते.

तेव्हा खिडकीवर जाऊ नका. रक्तपेढीच्या मेडिकल ऑफिसरला भेटा, अन् 'मॅन्युअल सलाइन वॉश करून द्याल का' असं विचारा.

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी ७:४५

भाऊ, एवढं समजावून तर मला कोणी सांगितलंच नव्हतं. परिपाठाची वेळ झाली, संध्याकाळी सविस्तर लिहितो. एक मात्र आत्ताच विचारतो. घरी 'धुतलेलं रक्त' म्हटल्याबरोबर तिच्या आजीनं विचारलं, "धुतलं तर कस राहीन का त्याच्यात? पाणचट होईन ना." मी हसण्यावारी नेलं. पण खरंच तसं काही असतं का?

लॅबवाला_भाऊ | मंगळवार, सकाळी ८:१०

आजी चुकली नाही. तांदूळ धुताना पाण्याबरोबर कणी जातेच. धुण्यात लाल पेशी साधारण १० ते २० टक्के कमी होतात, कोणाचा हात किती सफाईदार आहे त्यावर. कस जात नाही, माप कमी होते. म्हणून धुतलेल्या बॅगेनंतर हिमोग्लोबिन नेहमीपेक्षा थोडं कमी चढते, अन् पुढची तारीख दोन-चार दिवस अलीकडे येऊ शकते. आजीला सांगा, हिशेब बरोबर आहे.

चक्रधर | मंगळवार, दुपारी १:२०

मी पुण्यात वैद्यकीय उपकरणांच्या देखभालीचं काम करतो, मूळचा पवनीचा. गुरुजींनी मशीन काय असतं ते विचारलंय आणि त्याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही, तर ते मी देतो.

या यंत्रांचा जन्म संगणकाच्या कंपनीत झाला. १९६० च्या दशकात आयबीएममध्ये जॉर्ज जडसन नावाचा अभियंता होता. त्याच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला. बाप अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत गेला, तिथले डॉ. एमिल फ्रायराइख रक्तातल्या पेशी वेगळ्या कशा करता येतील या खटपटीत होतेच. दोघांनी मिळून रक्तपेशी वेगळ्या करणारं यंत्र उभं केलं. त्याच घराण्यात पुढे पेशी धुणारं आयबीएम २९९१ आलं. नंतर ते कोबे कंपनीकडे गेलं आणि जगभरच्या रक्तपेढ्यांत कोबे २९९१ याच नावानं ओळखलं जाऊ लागलं. गुरुजी, तुम्ही भाचीसाठी प्रोजेक्टरसारखी वर्गणी काढायला निघालात ना, तेव्हा मला हा जडसनच आठवला.

चालतं कसं? मेदूवड्याच्या आकाराची प्लास्टिकची पिशवी डोळ्यांसमोर आणा. ती मिनिटाला ३००० फेऱ्यांच्या आसपास गरगर फिरते. जड लाल पेशी बाहेरच्या कडेला जाऊन चिकटतात, धुणावळीचं पाणी मधल्या भोकाकडे सरकतं. पिशवीखाली रबरी पडदा असतो. पडद्याखाली द्रव दाबून भरला की पिशवी आवळली जाते आणि मधलं पाणी नळीतून बाहेर पडतं. मग सलाइनचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो, पिशवी मागेपुढे झटके देत पेशी कालवते, पुन्हा गरगर. नळीवर प्रकाशाचा डोळा बसवलेला असतो. पाण्यामागून लाल पेशी येताना दिसल्या की तो नळी बंद करतो, म्हणजे कणी वाया जात नाही. हे सगळं अर्ध्या तासाच्या आगेमागे होतं आणि दर वेळी एकसारखं होतं. हाताच्या धुण्यात भाऊंसारखा माणूस असला तर उत्तम, नवखा असला तर पेशीही जातात आणि प्लाझ्माही राहतो. यंत्राचा खरा फायदा हा.

दुसऱ्या जातीची यंत्रं वाटीची. घंटेच्या आकाराची वाटी फिरते, वरून रक्त आणि सलाइन येत राहतं, पेशी वाटीच्या भिंतीला धरल्या जातात, बाकीचं वाहून जातं. ही वाटी अ‍ॅलन लॅथम यांची, तिला लॅथम बाउलच म्हणतात. हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत जखमेतून सांडलेलं पेशंटचं स्वतःचं रक्त ओढून, धुऊन त्यालाच परत देतात ना, त्या सेल सेव्हरमध्येही हीच वाटी.

जाता जाता थोडं अवांतर. बॉम्बे ब्लड ग्रुप ऐकलाय ना? १९५२ मध्ये मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधला. अशा दुर्मिळ गटाचं रक्त ग्लिसरॉल घालून उणे ६५ अंशांच्या खाली गोठवतात, वर्षानुवर्षं टिकतं. पण वितळवल्यावर ते ग्लिसरॉल काढल्याशिवाय देता येत नाही. एकदम सलाइन घातलं तर पेशी फुटतात. आधी दाट मिठाचं पाणी, मग कमी दाट, मग नेहमीचं, अशा पायऱ्यांनी उतरावं लागतं. ते हातानं करणं म्हणजे कसरत. धुणारी यंत्रं खरी उपयोगी पडली ती तिथे. त्यातलं एक नवं बंद पद्धतीचं यंत्र आहे, नळ्या कुठेही न उघडता काम करतं. गोठवलेलं रक्त त्यावर धुऊन योग्य द्रावणात ठेवलं तर २४ तासांऐवजी १४ दिवस चालतं.

बेंबळाकाठ | मंगळवार, दुपारी २:०२

ग्लिसरॉल म्हणजे थंडीत ओठांना लावतो ते ग्लिसरीन?

चक्रधर | मंगळवार, दुपारी २:०६

तेच. ऑड्री स्मिथ या बाईंनी १९५० मध्ये दाखवून दिलं की ते घातलं तर लाल पेशी गोठूनही जगतात.

खडूस_वर्धेकर | मंगळवार, दुपारी ३:१५

चक्रधर, माहिती झकास. आता खरं बोला. दर बॅगेला नवी किट लागते की नाही?

चक्रधर | मंगळवार, दुपारी ४:४०

लागते. पिशवी किंवा वाटी, नळ्या, सगळं एकदा वापरून फेकायचं. शिवाय वर्षाची देखभाल, विजेचा भरवसा आणि चालवणारा शिकलेला माणूस. महिन्याला दोन-चार बॅगांसाठी हे यंत्र घेणं म्हणजे दोन एकरांच्या बांधीला हार्वेस्टर विकत घेणं. माझा धंदा यंत्रांचा असून सांगतो, गुरुजी, वर्गणी काढू नका.

तिठ्यावरचा_डॉक्टर | मंगळवार, रात्री ११:२०

ग्रामीण रुग्णालयात आहे, आत्ता एक डिलिव्हरी आटोपून बसलो. धागा चांगला चाललाय, पण 'धुतलेलं म्हणजे जास्त चांगलं' असा सूर लागायच्या आत चार गोष्टी सांगतो.

मोहफूलताई, तुमच्या भाच्याचा प्रश्न वेगळा आहे. गांधी, खाज, ओठ सुजणं, घरघर, हे प्लाझ्मातल्या प्रथिनांमुळे, त्याला धुणं हा उपाय. थंडी वाजून ताप येणं हे बहुतेक वेळा बॅगेतल्या पांढऱ्या पेशींमुळे आणि त्यांनी साठवणुकीत सोडलेल्या रसायनांमुळे. त्याला उपाय ल्युकोफिल्टर, म्हणजे पांढऱ्या पेशी अडवणारी गाळणी. रक्त साठवण्याआधीच गाळलेलं असेल तर सर्वात बरं, नाहीतर बॅग लावताना नळीत बसवायचा फिल्टर मिळतो. धुण्यानं पांढऱ्या पेशी कमी होतात, पण फिल्टरइतक्या नाही. मात्र दर वेळी 'फिल्टर नव्हता म्हणून ताप आला' असं धरून चालू नका. बॅग चालू असताना ताप आला तर आधी बॅग थांबवायची, नाव आणि गट पुन्हा तपासायचा, चुकीची बॅग किंवा जंतू लागलेली बॅग नाही ना ते बघायचं. मगच फिल्टरचं बोलायचं.

धुतल्यानं एचआयव्ही किंवा कावीळ जात नाही. माझ्याकडे एका आजोबांनी तेवढ्यासाठी 'धुऊन द्या' म्हटलं होतं. त्याच्या तपासण्या वेगळ्या, त्या दात्याच्या नमुन्यावर होतात.

गट जुळत नसेल तर धुऊन जुळत नाही. पेशीच्या अंगावरची खूण पेशीबरोबरच राहते.

पाटीपेन्सिल सर, भाचीला घरघर झाली म्हणता, म्हणजे हे साध्या गांधींच्या पुढचं आहे. तिची आयजीए पातळी तपासली आहे का? काही लोकांच्या अंगात आयजीए नावाचं प्रथिन जवळजवळ नसतं, आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार झालेली असतात. असं क्वचित असतं, पण असलं तर धुणं ऐच्छिक राहत नाही. तपासणीचा नमुना रक्त देण्यापूर्वी घ्यायचा. दात्याचं रक्त मिसळल्यावर तपासलं तर उत्तरात घोळ होतो.

आणि धुतलेली बॅग असली तरी पहिली पंधरा मिनिटं हळू, सिस्टर शेजारी, अ‍ॅड्रेनालिन हाताशी. एव्हिल आधीच टोचून निवांत बसायची आपल्याकडे पद्धत पडली आहे, ती मला आवडत नाही.

पाटीपेन्सिल | बुधवार, सायंकाळी ६:३०

डॉक्टरसाहेब, आयजीए तपासलेलं नाही. कागदांची थैली पालथी केली, कुठेच नाही. या वेळी सांगतो.

माझ्या डोक्यात आलेली योजना अशी. रक्तपेढीनं बॅग धुऊन दिली तर आम्ही ती बर्फाच्या डब्यात घालून इकडच्या ग्रामीण रुग्णालयात आणू. २४ तास हातात आहेत, बसला चार तास लागतात. पोरीचा प्रवास वाचेल. जमेल?

लॅबवाला_भाऊ | बुधवार, सायंकाळी ७:०५

गुरुजी, नको.

मे महिन्यात थर्माकोलच्या डब्यात बर्फाला चिकटून आलेली बॅग मी परत घेतली आहे. एका बाजूनं गोठलेली, दुसऱ्या बाजूनं कोमट. गोठली तिथल्या पेशी फुटल्या, वरचं पाणी जांभूळ पिळल्यासारखं लाल. २ ते ६ अंश सांभाळणारी पेटी वेगळी असते, ती दवाखान्याच्या गाडीतून येते, तुमच्या मांडीवर नाही. त्यातून धुतलेल्या पेशी आधीच नाजूक. अन् पेशींतलं पोटॅशियमही धुतल्यानंतर पुन्हा बाहेर गळायला लागते, म्हणून जितक्या लवकर लागेल तितकं बरं.

तिठ्यावरचा_डॉक्टर | बुधवार, रात्री ९:५०

भाऊंशी सहमत. घरघर झालेल्या मुलीला धुतलेल्या रक्ताची पहिली बॅग रक्तपेढी असलेल्या मोठ्या रुग्णालयातच लावा. आमच्यासारख्या ठिकाणी रक्त साठवणूक केंद्र असतं, म्हणजे तयार बॅगा ठेवायचा फ्रिज. आम्ही काही धुऊ शकत नाही, आणि रात्री प्रकरण बिघडलं तर पुढे पाठवायला रुग्णवाहिका शोधावी लागते.

लॅबवाला_भाऊ | बुधवार, रात्री १०:१५

पोरगी न्यावी लागेल, पण तिची एक रात्र वाचवता येते. आजवर काय करता? पहिल्या दिवशी जाता, नमुना देता, क्रॉसमॅच होते (दात्याचं रक्त पेशंटच्या रक्ताशी जुळते का ते बघणं), मुक्काम, दुसऱ्या दिवशी रक्त. खरं ना?

नमुना आधी पाठवा. इकडच्या दवाखान्यात काढून, नळीवर नाव, नोंदणी क्रमांक, तारीख, वेळ, काढणाऱ्याची सही, सगळं तिथेच लिहून घ्या. ज्यांना वारंवार रक्त लागते त्यांचा नमुना तीन दिवस चालते. रक्तपेढी त्यावर क्रॉसमॅच करून शक्य तितकी ताजी बॅग बाजूला काढून ठेवीन. पण धुणार नाही. तुम्ही पोरीला घेऊन तिथे पोचलात असा फोन गेला, की मग सेंट्रीफ्यूज सुरू. म्हणजे त्यांची बॅग वाया जायची भीती संपली. 'मशीन नाही'च्या मागचं खरं कारण तेच होतं, ते तुम्ही काढून टाकलं की बोलणं सोपं होते.

एसएस_पॅटर्न | गुरुवार, पहाटे २:४०

झोप नाही, कंबर दुखून राहिली, म्हणून लिहितो. माझा पॅटर्न एसएस, म्हणजे सिकलसेलचा आजार. वय ३१, गाव चंद्रपूर जिल्ह्यात.

सर, धुण्याच्या नादात एक तपासणी राहू देऊ नका. मलाही कोणीतरी 'वॉश्ड रक्त घे, त्रास होणार नाही' म्हणून सांगितलं होतं. घेतलं. दहा दिवसांनी लघवी चहासारखी, डोळे पिवळे, हिमोग्लोबिन घेण्याच्या आधीपेक्षा खाली. सगळ्यांना वाटलं सिकलचाच झटका. नंतर कळलं, इतक्या वर्षांत इतक्या दात्यांचं रक्त घेऊन माझ्या अंगात अँटी-ई, म्हणजे लाल पेशीवरच्या 'ई' नावाच्या खुणेविरुद्धचं प्रतिपिंड तयार झालं आहे. ए-बी-ओ आणि आरएच डी जुळत होतं, पण बाकीच्या खुणा कोणी बघितल्याच नव्हत्या. डॉक्टर वर म्हणतात तेच, पेशीवरची खूण धुऊन जात नाही.

आता माझ्या पाकिटात चिठ्ठी असते, 'ई निगेटिव्ह, केल निगेटिव्ह बॅग द्यावी'. प्रत्येक ठिकाणी दाखवतो. अर्धे लोक कौतुकानं वाचतात आणि अर्धे रागावतात.

भाचीची अँटिबॉडी स्क्रीन, म्हणजे अशी प्रतिपिंडं अंगात आहेत का याची तपासणी करून घ्या. सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं १ जुलै २०२३ ला, गावोगाव तपासणी झाली, कार्डं मिळाली, चांगलंच झालं. पण कार्डावर पॅटर्न येतो, रक्ताच्या बाकीच्या खुणा येत नाहीत. नेहमी रक्त घेणाऱ्यांची या खुणांची तपासणी पहिल्या बॅगेच्या आधी झाली पाहिजे. माझी सतराव्या बॅगेनंतर झाली.

मोहफूल | गुरुवार, सकाळी ९:००

दादा, काळजी घ्या. पाणी पीत राहा.

बेंबळाकाठ | गुरुवार, सकाळी ९:१२

इतकी वर्षं रक्तदान करतोय. आपण दिलेल्या बॅगेचं पुढे इतकं काही होतं हे माहीत नव्हतं. आम्हाला बिस्कीट आणि प्रमाणपत्र एवढंच ठाऊक.

पाटीपेन्सिल | २३ दिवसांनंतर

मंडळी, धागा वर काढतोय. उशीर झाला, मधे परीक्षा होत्या आणि चार दिवस नेटवर्क नव्हतं.

खिडकीवर गेलो नाही. रक्तपेढीच्या मेडिकल ऑफिसर मॅडमना आधी फोन केला, मग भेटलो. भाऊंनी सांगितलं तसंच बोललो. आधी त्या म्हणाल्या, "आमच्याकडे याची फारशी मागणी नसते." मी म्हटलं, मॅडम, मुलगी दारात आल्याशिवाय बॅग उघडू नका. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. "तुम्ही लॅबमध्ये काम करता का?" मी म्हटलं, नाही, चौथीला शिकवतो.

नमुना सोमवारी भाऊजी घेऊन गेले. आयजीए आणि अँटिबॉडी स्क्रीनचा त्याच वेळी दिला. स्क्रीन निगेटिव्ह आली, आयजीए नॉर्मल. मंगळवारी दिवसभर मुलगी घरीच होती, अंगणात खेळली. बुधवारी पहाटेच्या बसनं निघालो, नऊ वाजता पोचलो, फोन केला. एक तरुण तंत्रज्ञ होता, त्यानं मला काचेबाहेरून बघू दिलं. तराजूच्या एका पारड्यात आमची बॅग, दुसऱ्यात सलाइनची, आणि तो छोटे रबरी तुकडे टाकत तोल साधतोय. भाऊ, तुमची आठवण आली. पहिल्या धुण्याचं पाणी पिवळसर गुलाबी होतं. तिसऱ्याचं जवळजवळ सलाइनसारखं.

पावणेबाराला बॅग हातात आली, लेबलवर धुतल्याची वेळ आणि संपण्याची वेळ दोन्ही लिहिलेल्या. बारा वाजून दहा मिनिटांनी लावली. पहिली पंधरा मिनिटं सिस्टर खुर्ची टाकून बसल्या. मी तिच्या हातावरची लव न् लव बघत होतो. काही नाही. अर्ध्या तासानं काही नाही. तिनं आईला विचारलं, "आज खाज काहून नाही येत?" साडेतीनला बॅग संपली.

हिमोग्लोबिन ८.१ होतं, दुसऱ्या दिवशी १०.२. एरवी पावणेअकराच्या आसपास जातं. आजीला आकडे सांगितले. ती म्हणाली, "मी म्हटलं होतं."

लॅबवाला_भाऊ | त्याच दिवशी, रात्री ८:२०

त्या पोराचा हात चांगला आहे. नाव विचारून ठेवा, अन् पुढच्या खेपेला त्याच्यासाठी काहीतरी घेऊन जा. मोहाचे लाडू चालतील.

मोहफूल | त्याच दिवशी, रात्री ८:४५

सर, खूप बरं वाटलं. आमच्याकडे फिल्टर लावून दोन बॅगा झाल्या, दुसऱ्या वेळी ताप आला नाही. पहिल्या वेळी आला होता, तेव्हा बॅग थांबवून सगळं तपासलं त्यांनी. फिल्टर मात्र कधी असतो, कधी बाहेरून आणायला सांगतात.

खडूस_वर्धेकर | त्याच दिवशी, रात्री ९:३०

अभिनंदन गुरुजी. वर्गणीची पावतीपुस्तकं छापली नाहीत ना?

पाटीपेन्सिल | त्याच दिवशी, रात्री ९:४१

नाही छापली. एक अडचण मात्र आहेच. हिशेबानं पुढची तारीख नेमकी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येतेय, तान्ह्या पोळ्याला. तो तंत्रज्ञ आठ दिवस गावी जाणार, आणि त्याच्याशिवाय तिथे दुसरं कोणी हे करत नाही. मॅडम म्हणाल्या, तो येईपर्यंत थांबा. तेवढ्यात हिमोग्लोबिन ७ वर येईल. पाऊस लागला तर मधला नालाही भरतो.

लॅबवाला_भाऊ | त्याच दिवशी, रात्री १०:००

थांबू नका. तो जायच्या आधीची तारीख घ्या, चार दिवस लवकर. थोडं आधी घेतलं तर बिघडत नाही, डॉक्टरला विचारून घ्या. मॅडमना सांगा, त्या पोरानं जायच्या आधी दुसऱ्या एकाला सोबत उभं करून ही बॅग धुवावी. एकदा बघितलं की हात बसते.

तिठ्यावरचा_डॉक्टर | त्याच दिवशी, रात्री ११:३५

हरकत नाही. नमुना माझ्याकडे काढायचा तर शनिवारी सकाळी आठच्या आत आणा, नंतर ओपीडी सुरू होते.

पाटीपेन्सिल | दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:१५

ठरलं. शनिवारी भाऊजी तिला मोटारसायकलवर तुमच्याकडे आणतील आणि नमुना घेऊन तसेच पुढे बसनं जातील. नमुन्याच्या नळीला बर्फ लावायचा का, भाऊ?

लॅबवाला_भाऊ | दुसऱ्या दिवशी, सकाळी ६:२२

थंड ठेवा, पण बर्फ नळीला चिकटू देऊ नका. मधे जाड टॉवेल गुंडाळा.